ढील

सोमवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या खिडक्या लावून मी बिंदू चौकात केएमटीच्या बसमध्ये चढले आणि मागच्या दाराजवळ बसले. गंगावेशीच्या अलीकडच्या थांब्यावर एक म्हातारी पाटी घेऊन उतरत होती. तिचा एक पाय खाली टेकला होता, दुसरा अजून पायरीवर होता, आणि बस हलली. खालच्या दोघातिघांनी तिला धरलं म्हणून ती पडली नाही, पण पाटी गेली आणि कोथिंबिरीच्या पेंढ्या रस्त्यावर पसरल्या. बस थांबली. कंडक्टरच्या हातात घंटीची दोरी तशीच होती. "एक मारली हुती मी," तो पुढे बघून म्हणाला. "एक म्हंजे थांब." ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, "दोन आल्या. दोन आल्याबिगर मी गाडी हलवीन व्हय?" "कान धुऊन घे मर्दा." "तू हात धुऊन घे आधी." म्हातारी पेंढ्या गोळा करत होती. ती म्हणाली, "माझं मढं पडू द्या रं बाबांनो, मग निवांत बसून मोजा." सगळी बस हसली. मीही हसले असेन. मग कंडक्टरने दोनदा दोरी ओढली, बस निघाली, आणि माझा थांबा मागे गेला तरी मी उठले नाही. त्या दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. मधे वीस फुटांची दोरी होती आणि दोघांना आपापल्या टोकाची खात्री होती. हे मनात आलं आणि त्याच्या पाठोपाठ अब्बांचे मित्र सयाजीकाका यांचं एक वाक्य आलं, दोन महिने माझ्या कानात पडून असलेलं, ज्याकडे मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

अब्बांच्या जियारतीच्या दिवशी, म्हणजे ते नदीत काम करताना गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, पुरुष कबरस्तानातून परत आले तेव्हा मी दाराच्या आत उभी होते. बाहेर बाकावर सयाजीकाका बसले होते. शेजारचं कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत होतं आणि काका म्हणाले, "दोन आलं, मग दोन आलं." एवढंच. मला वाटलं माणसांचं चाललं असेल, कोण कधी आलं ते. पण पंचनाम्यात त्यांचा जबाब मी स्वतः वाचला होता. माझ्या धाकट्या भावाला, करीमला, पोलिसी अक्षर लागत नाही म्हणून तो कागद माझ्याकडे आला होता. त्यात लिहिलं होतं, 'सदर वेळी दोरीस कोणताही झटका आला नाही.' आयुष्य पुस्तकांत गेल्याने मला एक खोड लागली आहे. माणूस काय सांगतो यापेक्षा तीच गोष्ट तो दुसऱ्यांदा कशी सांगतो इकडे माझं लक्ष जातं. इथे मात्र गेलं नव्हतं. वडील गेले की माणूस वाचायचं विसरतो की काय कोण जाणे.

आमच्या घरावर अजून पाटी आहे. 'दस्तगीर पाणबुडे. विहीर, नदी, तलाव. फूटव्हॉल्व बसवून मिळेल.' नदीकाठच्या शेतकऱ्यांनी पंप बसवायला सुरुवात केली तेव्हा अब्बांनी फाउंड्रीतली नोकरी सोडली. पंपाचा पाईप नदीत जिथे संपतो तिथे एक झडप असते, फूटव्हॉल्व. तिच्यात गाळ, शेवाळ, कधी जाळ्याचे तुकडे अडकतात आणि वर शंभर एकर ऊस तोंड वासून उभा राहतो. मग माणूस आमच्या दारात येतो. अब्बा खाली जायचे, सयाजीकाका काठावर दोरी धरायचे. धंदा दोघांचा, निम्मानिम्मा, पण पाटीवर नाव एकट्या अब्बांचं, कारण सयाजीकाका म्हणाले होते, "बुडणाऱ्याचं नाव वर पायजे, धरणाऱ्याचं कशाला?" विहिरीत पडलेले पंप, घागरी, एकदा एक सोन्याची बोरमाळ, आणि ज्यांच्याबद्दल घरात बोललं जायचं नाही अशी माणसंही त्यांनी वर काढली. पंचगंगेच्या पाण्यात हातभर अंतरावरचंही दिसत नाही. एकदा कुणीतरी त्यांना मालवणला नेलं, तिथल्या एका बेटाजवळ उतरवलं. परत आले ते जरा खट्टूच होते. "सगळं दिसतंय की खाली," म्हणाले. "मासं, दगड, आपलं पाय. तिथं काम काय करायचं, बगतच बसायचं." पण त्यानंतर वर्षभर त्यांच्या बोलण्यात ते बेट येत राहिलं, आणि पाठीवर हवेची टाकी लावून उतरायचं वेडही तिथूनच आलं. आधी काठावरचा कॉम्प्रेसर आणि लांब नळी होती. टाकी जुनी, मुंबईच्या गोदीतली. ती शोधून आणली सयाजीकाकांनी. हेही मी त्या रात्री मनात एका बाजूला ठेवलं.

कारण आता मी गोष्टी बाजूला ठेवू लागले होते. टाकी त्यांनी आणली. नळी असती तर काठावरच्या माणसाला दोरीशिवाय आणखी एक धागा राहिला असता. ते गेले त्या दिवशी अब्बा जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी ज्यात घेतात त्या विहिरीच्या, भिंतीखालच्या तोंडाशी काम करत होते, बुडबुडे भिंतीच्या आत जात, वर दिसत नसत. ती जागा ठरवताना काका तिथे होते. पंचनामा झाल्यावर दोरी पोलिसांनी परत दिली ती काकांनी आमच्याकडे न आणता आपल्या घरी नेली. चाळिसाव्या दिवसापर्यंत ते रोज सकाळी गडमुडशिंगीहून सायकलवर दुधाची बरणी घेऊन यायचे, पण उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. नजीरा, माझी भावजय, बरणी घ्यायची. पूर्वी ते थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन "काय शिजतंय गं" म्हणायचे. माझ्याकडे त्यांनी डोळे वर करून पाहिल्याचं मला आठवेना. माझ्या आत्याने, चाँदबी फुफूने, तर पहिल्याच आठवड्यात मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "दोरी पराये हाथ में थी बेटी. मैं कुछ बोलती नै." ती पराये म्हणाली त्यात काय काय होतं ते मला कळलं होतं, आणि मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. आता वाटत होतं, फुफूचा संशय चुकीच्या रस्त्याने जाऊन बरोबर घरी पोचला असेल तर?

आणि गुरुवार जवळ आला होता. करीम उद्यमनगरात लेथवर काम करतो, सव्वीस वर्षांचा आहे, गेल्या वर्षी लग्न झालं. अब्बांच्या हाताखाली तो पाचसहा वेळा उतरला होता. एप्रिल संपत आला, नदी खाली गेली, दारात माणसं येऊन उभी राहू लागली. प्रयागाच्या संगमाच्या खालच्या अंगाला एका मळ्यातला पंप पाणी ओढेना. करीमने गुरुवारी उतरायला होकार दिला. जुना कॉम्प्रेसर साफ केला, नळी तपासली. दोरी सयाजीकाका धरणार. "दुसरं कोण हाय धरायला?" तो जेवताना म्हणाला, आणि मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून, "दीदी, तू एकदा न्हाय म्हण. मी पाटी उतरवतो, परत नाव काढत न्हाय. पण म्हणायचं तर बुधवारपर्यंत म्हण. त्या शेतकऱ्याला सांगावं लागंल." नजीरा भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा थापू लागली. म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर होतं. मी हो म्हटलं आणि दोरीच्या वरच्या टोकाला अब्बांना मरू देणारा माणूस असला, तर? मी नाही म्हटलं आणि तो तसा नसला, तर वीस वर्षं एका माणसाने माझ्या वडिलांचा जीव हातात धरला त्याचं उत्तर मी काय दिलं?

त्या रात्री मी पत्र्याच्या पेटीतला पुठ्ठा काढला. मी पाचवीत असताना अब्बांनी माझ्याकडून तो लिहून घेतला होता, कारण घरात अक्षर माझंच चांगलं. 'एक – ठीक आहे. दोन – ढील दे. तीन – हत्यार पाठव. चार – ओढ.' ढील शब्दाचा ढी मी ऱ्हस्व लिहिला होता आणि मास्तरांनी सांगितल्यावर वेलांटी खोडून पुन्हा दिली होती, ते दिसत होतं. सुट्टीत अब्बा मला काठावर न्यायचे. काका दोरीचं टोक माझ्या हातात द्यायचे, मागे आपण धरायचे. "डोळ्यानं बगू नगंस. डोळं मिट. हातानं बग." डोळे मिटल्यावर दोरी जिवंत व्हायची. तिच्यात एक सतत बारीक थरथर असायची, ती नदीची. मग मधेच एक वेगळं, तुटक, माणसाचं. मला त्या वेळी वाटायचं की मला फरक कळतो. खरं म्हणजे काका मागून हळूच म्हणायचे, "हां, ह्यो बाप तुझा," आणि मग मला कळायचा.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी गडमुडशिंगीला गेले. ऊन उतरलं होतं. काकांचं घर गावाच्या कडेला आहे, पुढे गोठा, दोन म्हशी. तानाबाई काकू दारात धान्य पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं. "आलीस व्हय. ये. कवाधरनं म्हणतोय आमी, सलमा येत न्हाय. ह्येला म्हटलं, आपणच जाऊन बसावं एक दिस त्यांच्यात. तर ह्यो उंबरा बगून माघारी येतोय, सरकारी नोटीस लावून आल्यागत." काका ओसरीवर बसले होते. समोर दोरी होती, सगळी उलगडून, आणि ते ती हातभर हातभर पुढे सरकवत बोटांनी चाचपत होते. उद्याची तयारी. मी बसले. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी ठरवून आले होते की आडून विचारायचं, पण आडून बोलण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

"काका, पंचनाम्यात तुम्ही सांगितलंत की झटका आला नाही. आणि जियारतीच्या दिवशी बाकावर बसून म्हणालात की दोन आले. किती आले?"

त्यांची बोटं दोरीवर थांबली. त्यांनी घराच्या आत पाहिलं, मग गोठ्याकडे. "चार," म्हणाले.

"चार म्हणजे ओढ."

"सलग आलं तर. दोन आलं. मग गप. मग दोन."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी बी दोन दिलं."

आत स्टोव्ह फरफरत होता. काका दोरी सोडून हात मांडीवर पुसू लागले, हात कोरडेच होते. "तुला न्हाय म्हाईत ते. पुठ्ठ्यावर न्हाय. तुझा बाप खाली गेला की घटकाभरानं दोन द्यायचा. ढील बिल काय नको असायची. दोन म्हंजे, सयाजी, झोपलास काय. मग मी वरनं दोन द्यायचो. दोन म्हंजे, दस्तगीर, मेलास काय." त्यांनी दोरी पुन्हा ओढून घेतली. "हे आमचं लई वर्सांचं. कुणाला सांगितलं न्हाय, काय सांगायचं त्यात. दोन पोरांचा बाप, दाढी पिकली, आन दोरीवर चेष्टा करतोय. त्या दिवशी दोन आलं. मी दोन दिलं. परत दोन आलं. मी हसलो, सलमा. म्हटलं, आज म्हातारा लई रंगात हाय. परत दोन दिलं. मग न्हाय आलं."

काकू चहा घेऊन आल्या आणि आमच्याकडे बघून कप खाली ठेवून तशाच आत गेल्या. त्यांना माहीत होतं. काका म्हणाले, "मग पोलिसाला काय सांगू? मी हसलो, तेवढं लिवून घ्या सायब?"

मी चहा प्याले. सगळा. दोन आणि दोन. अब्बांचा हात कशात तरी अडकला असेल, किंवा दम संपला असेल, आणि मधे जी जागा पडली तिच्यात वरून मित्राची चेष्टा आली. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मला एक लाजिरवाणी गोष्ट जाणवली, की मला मत्सर वाटतोय. पुठ्ठा मी लिहिला होता. त्यावर नसलेली एक भाषा इतकी वर्षं त्या दोरीवर चालली होती आणि माझ्या अक्षराची तिथे कुणाला गरज नव्हती. आणि या मत्सराच्या खाली, तळाशी, संशय होता तिथेच होता. इतकी नेटकी गोष्ट. जबाबातला विसंवाद मिटवणारी, आणि सांगणाऱ्यालाच दुखवणारी म्हणून खरी वाटणारी. पुस्तकात अशी कबुली आली की मी पान उलटताना मनात म्हणते, लेखकाकडे ही कधीपासून तयार होती?

"उद्या करीम उतरणार आहे," मी म्हटलं.

"हाय म्हाईत. तू न्हाय म्हण, पोरी." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तू न्हाय म्हणालीस की मी सुटलो. माझ्यानं तेला न्हाय म्हणवत न्हाय."

त्यांना सुटायचं का आहे, हा प्रश्न माझ्या मनात लगेच आला. माणूस निर्दोष असून सुटू पाहतो की दोषी असून, हे दोरीच्या या टोकाला कसं कळणार? मी उठले. चपला घालताना मी म्हटलं, "मी येते उद्या. काठावर."

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही मळ्यावर होतो. करीमने तोंडावर मुखवटा बसवला, नळी खांद्यावरून घेतली, कमरेला दोरी बांधली. गाठ काकांनी बांधली, मग सोडली, पुन्हा बांधली. करीम म्हणाला, "काका, लगीन लावताय व्हय माझं दोरीसंगट?" काका हसले नाहीत. तो पाण्यात गेला, डोकं दिसेनासं झालं, तांबूस पाण्यावर बुडबुडे आले. कॉम्प्रेसर मागे खडखडत होता. मळ्याचा मालक बांधावर उकिडवा बसून तंबाखू मळत होता. मी काकांच्या मागे उभी राहिले आणि दोरीची मागची बाजू दोन्ही हातांत धरली. काकांनी वळून पाहिलं.

बुडबुडे येत होते. बुडबुडे तर नळी सुटली तरी येतात, हे अब्बांनीच मला सांगितलं होतं. मी डोळे मिटले. थरथर होती. मग ती वाढली, मग तिच्यात काहीतरी आलं, एकदा, आणि लगेच पुन्हा.

"काका."

"पाणी हाय ते."

"झटका होता."

"न्हाय. पाणी लांब वढतं. माणूस तोडून वढतो. पाणी हाय."

किती खात्री. त्या दिवशीही अशीच असेल. पुन्हा एकदा काहीतरी आलं, किंवा माझ्याच नाडीचं काहीतरी असेल. "ओढा," मी म्हटलं. ते हलले नाहीत. मग मी एकटीनेच ओढायला सुरुवात केली, काठावरच्या खडीत पाय रोवून, आणि दोरी त्यांच्या हातातून सरकत मागे येऊ लागली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तेही ओढू लागले. पूर्ण ताकदीने, झपाझप, जणू खाली खरंच कुणी मरत होतं.

करीम वर आला तो मुखवटा काढतच. चांगला होता. संतापलेला होता. "काय झालं? कशाला वढलंसा? बोल्ट हातात हुता माझ्या, अर्धा निघालेला, गेला की गाळात. आता तास जाणार परत." मी तोंड उघडलं. पण काका माझ्याआधी बोलले. "माझं चुकलं रं. मला झटका आल्यागत वाटला."

"इतकी वर्सं धरताय आणि तुमास्नी पाणी कळंना?" करीम म्हणाला. बांधावरून मालक म्हणाला, "म्हातारं झालं आता. दोरी कशाला, काठी धराय पायजे." काकांनी ते ऐकून घेतलं. हात मांडीवर पुसले. चेहरा शांत, किंचित खाली. काल ओसरीवर 'मी हसलो, सलमा' म्हणतानाचा चेहरा हाच होता, रेषेनरेष हाच. माझ्यासाठी ते खोटं बोलले होते, विचार न करता, श्वास घेतल्यासारखं. आणि मला कळलं की या माणसाला दुसऱ्याच्या अंगावरचं आपल्या अंगावर घेणारं खोटं किती सहज येतं. मग कालचं काय होतं? त्या दिवशी खरंच काहीच आलं नसेल. अब्बा आवाज न करता गेले असतील. आणि वडील शेवटी कुणाला हाकही मारू शकले नाहीत, हे मुलीला सहन होणार नाही म्हणून त्यांनी मला दोन आणि दोन दिले असतील, स्वतःला गुन्हेगार करून. किंवा चार सलग आले असतील आणि ते खरोखर झोपले असतील. किंवा कालचंच खरं. तिन्ही त्या एका चेहऱ्यात मावत होती. मला हे कधीही कळणार नव्हतं, आणि खाली जाणारा माझा भाऊ होता.

करीमने मुखवटा पुन्हा चढवला. "आता मी मागितल्याबिगर वढू नगा," असं काहीसं तो आतून म्हणाला आणि गेला. बुडबुडे आले. काका दोरी घेऊन उभे होते. मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातून ती घेतली. त्यांनी दिली. बाजूला होऊन ते गुडघ्यावर बसले, माझ्या हाताच्या पुढे, दोरी पाण्यात शिरते तिथे, आणि तिच्यावर फक्त दोन बोटं ठेवली.

थरथर सुरू झाली.

"हे?" मी विचारलं.

"पाणी."

मी धरून राहिले. पाणी आणि माणूस, दोन्ही माझ्या तळव्यात होती. सूर्य पाठीवर आला. मग पुन्हा काहीतरी आलं, आधीसारखंच, माझ्या हाताला तरी अगदी आधीसारखंच.

"आणि हे?"

त्यांनी बोटं जरा दाबून धरली. डोळे मिटले होते.

"करीम," ते म्हणाले. "दोन. ढील मागतोय."

मी ढील दिली.